बुव्हे बेट : सापडून हरवलेली भूमी

ज्या भूमीवर मनुष्याची वस्ती कधीच झाली नाही, जिथे एकही झाड नाही, शेत नाही, देऊळ नाही, आणि जिथे कोणी राजाने राजधानी केली नाही की कोणा सेनापतीने लढाई दिली नाही, त्या भूमीचा इतिहास तो काय सांगावयाचा, अशी शंका श्रोत्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. इतिहास म्हटला की मनुष्य आलाच, अशी आपली समजूत असते आणि ती खोटीही नाही. परंतु जिथे मनुष्य राहत नाही तिथेही तो जातो, निदान जाऊ पाहतो. आणि जाऊ पाहताना त्याच्या हातून ज्या चुका होतात, त्यांचाही एक इतिहास असतो. आज आम्ही अशाच एका बेटाची हकीकत सांगणार आहो. त्याचे नाव बुव्हे. जगातील सर्वांत एकाकी बेट म्हणून भूगोलाच्या पुस्तकांत त्याचा उल्लेख येतो. परंतु एकाकीपणाहून विलक्षण गोष्ट अशी की हे बेट १७३९ साली सापडले आणि त्यानंतर सुमारे दीडशे वर्षे ते नेमके कोठे आहे हे कोणालाही छातीवर हात ठेवून सांगता येत नव्हते. जहाज हरवते, माणूस हरवतो. पण डोंगराएवढे बेट हरवावे, हे कसे घडले?

बेटाचे स्थान आणि स्वरूप

आफ्रिकेचे दक्षिण टोक डोळ्यांपुढे आणावे. केप ऑफ गुड होप सोडून नैर्ऋत्येच्या रोखाने सुमारे अडीच हजार किलोमीटर गेले म्हणजे दक्षिण अक्षांश ५४ अंश २६ मिनिटे व पूर्व रेखांश ३ अंश २४ मिनिटे या ठिकाणी हे बेट लागते. त्याला सर्वांत जवळची भूमी म्हणजे अंटार्क्टिकाचा किनारा आणि तोही सतराशे किलोमीटर दूर. मुंबईहून कोलकाता हवाई मार्गाने जेवढे दूर आहे, साधारण तेवढी, म्हणजे सोळाशे किलोमीटरांची त्रिज्या घेऊन बुव्हेभोवती वर्तुळ काढले, तर त्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ऐंशी लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या भारत देशाच्या दुपटीहून अधिक भरेल. आणि एवढ्या अफाट क्षेत्रात बुव्हेखेरीज जमिनीचा दुसरा तुकडा नाही. सारे पाणी आणि पाण्यावर तरंगणारे बर्फ.

बेट आहे केवढे? अवघे ४९ चौरस किलोमीटर. कुलाब्यापासून शीव-माहीमपर्यंतचे जे मुंबई शहराचे बेट, त्याहूनही लहान. त्यावरचे सर्वांत उंच शिखर ७८० मीटर, म्हणजे आपल्या माथेरानाएवढे. परंतु माथेरान म्हटले की जी गर्द राई आणि तांबडी माती डोळ्यांपुढे येते तिचा येथे मागमूस नाही. बेटाचा शंभरांतील त्र्याण्णव भाग कायमच्या बर्फाखाली झाकलेला आहे. हे बर्फ नुसते साठून राहिलेले नाही. हिमनद्यांच्या रूपाने ते संथपणे उतारावरून सरकत समुद्रावर येते आणि तेथे उंच कड्यासारखे तुटते. जेथे बर्फ नाही तेथे काळ्या खडकाचे सरळसोट कडे समुद्रात उतरलेले. मधूनमधून काळ्या वाळूची अरुंद पट्टी, आणि तीवर रात्रंदिवस आदळणाऱ्या लाटा. नाव लावावी असा सुरक्षित धक्का नाही की आडोशाचे बंदर नाही.

या बेटाची घडण ज्वालामुखीची आहे. अटलांटिक महासागराच्या तळाशी उत्तर-दक्षिण अशी एक प्रचंड पर्वतरांग पसरली आहे. तिच्या दक्षिण टोकाजवळ आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका या तीन भूखंडांची कवचे एकमेकांना भिडतात. त्या तिठ्याजवळ समुद्राच्या तळातून लाव्हा वर येत येत हा ज्वालामुखी पाण्याबाहेर आला. त्याचे मुख सुमारे साडेतीन किलोमीटर रुंदीचे असून आज ते बर्फाने भरून गेले आहे. तथापि आतला अग्नी पुरता विझलेला नाही. काही ठिकाणी खडकातून वाफा निघतात आणि तेथील जमीन हाताला ऊन लागते. सह्याद्रीचा जो काळा कातळ आपण रोज पाहतो, त्याच जातीचा कातळ मुख्यत्वे येथेही आहे. फरक वयाचा. आपला कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. बुव्हेचा पंधरा लाख वर्षांच्याही आतला. पृथ्वीच्या हिशेबाने हे बेट म्हणजे काल जन्मलेले मूल होय.

येथे एक शंका निघते. दक्षिणेस ५४ अंशांवर हे बेट बर्फात बुडालेले. मग उत्तरेस ५४ अंशांवर काय आहे? तेथे उत्तर इंग्लंड आहे, जर्मनीचा उत्तर भाग आहे. तेथे गहू पिकतो, गाई चरतात. विषुववृत्तापासून अंतर सारखे असता एवढा भेद का? याचे कारण समुद्रात आहे. युरोपच्या किनाऱ्याला उष्ण प्रवाहांची ऊब मिळते. बुव्हेच्या भोवती मात्र अंटार्क्टिकाला प्रदक्षिणा घालणारा थंड पाण्याचा प्रवाह अखंड वाहतो. त्याला अडवणारी जमीन नाही, आणि पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यालाही पृथ्वीभर कोठे अडथळा नाही. म्हणून तेथे वर्षाचे सरासरी तापमान शून्य अंशाच्या किंचित खालीच राहते. आणि ढग, धुके व वादळ यांतून बेटाचे शिखर दिसणे ही भाग्याची गोष्ट ठरते. हे धुके ध्यानात ठेवावे, कारण पुढच्या साऱ्या घोटाळ्यात त्याचा वाटा मोठा आहे.

हिंदुस्थानच्या वाटेवरचा थांबा

आता प्रश्न असा की असल्या ठिकाणी कोणी गेलाच कशाला? याचे उत्तर आश्चर्य वाटेल असे आहे. तो गेला, त्याचे एक कारण आपला देश.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे पुदुच्चेरीला जात-येत. प्रवास सहा-सहा महिन्यांचा. वाटेत गोडे पाणी, ताजा भाजीपाला आणि आजारी खलाशांना विसावा मिळण्यासाठी मुक्कामाचे बंदर पाहिजे. केपचे बंदर डच लोकांच्या हाती. तेव्हा दक्षिणेकडे आपल्या मालकीचा एखादा थांबा सापडला तर किती बरे होईल, हा विचार कंपनीत घोळत होता. त्याला एका जुन्या दंतकथेची जोड मिळाली. १५०४ साली गोनव्हील नावाच्या फ्रेंच दर्यावर्द्याला दक्षिणेत एक सुपीक आणि समृद्ध देश लागला होता, असे सांगितले जाई. तो देश वस्तुतः ब्राझीलचा किनारा असावा, असे इतिहासज्ञ आता मानतात. परंतु त्या काळी तो अज्ञात दक्षिण खंडाचाच भाग समजला जात होता.

तो देश शोधण्याचा विडा झाँ-बाप्तिस्त शार्ल बुव्हे द लोझिए या तरुण अधिकाऱ्याने उचलला. १७३८ च्या जुलैत ‘एग्ल’ आणि ‘मारी’ ही दोन जहाजे घेऊन तो फ्रान्समधील लोरियाँ बंदरातून निघाला. दक्षिण अटलांटिकमध्ये शिरल्यावर धुके लागले, मग बर्फाचे डोंगर दिसू लागले. माथ्याशी सपाट आणि बाजूंनी भिंतीसारखे उभे असे ते हिमनग त्याने पाहिले आणि त्यांचे वर्णन लिहून ठेवले. अखेर १ जानेवारी १७३९ रोजी धुक्याचा पडदा क्षणभर फाटला आणि समोर बर्फाच्छादित उंच भूमी दिसली. तो दिवस ख्रिस्ती पंचांगात येशूच्या सुंतेचा सण म्हणून पाळला जात असे; म्हणून त्या भूमीला त्याने ‘सुंतेचे भूशिर’ असे नाव दिले. सुमारे बारा दिवस तो तेथे घुटमळला. धुके, बर्फ आणि उलटा वारा यांमुळे किनाऱ्याला लागता आले नाही; सभोवार फिरून ते बेट आहे की खंडाचे टोक आहे, हेही पाहता आले नाही. खलाशी आजारी पडू लागले आणि तो फिरला. आपल्याला दक्षिण खंडाचे भूशिर सापडले, या विश्वासाने तो मायदेशी परतला.

हाच बुव्हे पुढे १७४८ साली फ्रेंचांच्या ताब्यातील मद्रासेस इंग्रजी आरमाराला चुकवून द्रव्य आणि सैनिक पोहोचवून आला, आणि नंतर बूर्बोन बेटाचा गव्हर्नर झाला. बूर्बोन म्हणजे आजचे रेयुन्यों. भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात की त्या बेटाखाली जो तप्त झरा आहे, त्याच्याच उद्रेकातून कोट्यवधी वर्षांपूर्वी आपल्या दख्खनचा कातळ निर्माण झाला. हा अर्थातच योगायोग. त्यातून काही अर्थ काढावयाचा नाही. परंतु इतिहासात आणि भूगोलात असे धागे कोठून कोठे जातात, हे पाहून मन थक्क होते.

बेट हरवले कसे?

बुव्हेने भूमी पाहिली हे खरे; पण ती कोठे पाहिली? घोटाळ्याचे मूळ येथे आहे आणि ते समजण्यासाठी थोडे गणित करावे लागेल.

पृथ्वीवरील स्थान सांगावयाचे म्हणजे दोन आकडे लागतात, अक्षांश आणि रेखांश. अक्षांश काढणे दर्यावर्द्यांना पूर्वीपासून साधले होते. मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून किती वर आला हे मोजले की काम झाले. रेखांशाचे तसे नाही. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश, चार मिनिटांना एक अंश. तेव्हा आपल्या ठिकाणी दुपारचे बारा वाजले असता मूळ ठिकाणी किती वाजले हे ठाऊक झाले, तर रेखांश सांगता येतो. जुन्या पिढीतील मुंबईकरांना हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. १९५५ पर्यंत मुंबईत ‘मुंबई वेळ’ म्हणून निराळी वेळ चालत होती. ती ग्रिनिचच्या पुढे ४ तास ५१ मिनिटे. त्याची मिनिटे झाली २९१. त्यांना चारांनी भागले की पावणेत्र्याहत्तर अंश आले. आणि मुंबईचा रेखांश तोच आहे. म्हणजे रेखांश हा मुळात घड्याळाचा प्रश्न आहे. मूळ ठिकाणची वेळ बरोबर बाळगणारे घड्याळ जहाजावर हवे. परंतु लंबकाचे घड्याळ हेलकावणाऱ्या जहाजावर चालत नाही; थंडी-उन्हाने त्याची गती बदलते.

हे कोडे सोडविणाऱ्यास इंग्लंडच्या पार्लमेंटने १७१४ साली वीस हजार पौंडांपर्यंतचे बक्षीस लावले होते. जॉन हॅरिसन या सुताराच्या मुलाने आयुष्य खर्ची घालून तसे घड्याळ तयार केले, आणि त्याची समुद्रावर निर्णायक परीक्षा १७६१-६२ साली झाली. बुव्हे निघाला तो त्याच्या वीस-बावीस वर्षे आधी. त्याच्यापाशी असे घड्याळ असणे शक्यच नव्हते. जहाजाचा वेग अंदाजायचा, दिशा होकायंत्रावरून धरायची आणि इतके दिवस इतके चाललो तर इतके आलो, असा हिशेब मांडायचा, एवढेच साधन. प्रवाहाने जहाज किती वाहून नेले हे त्या हिशेबात येत नाही. परिणामी बुव्हेचा अक्षांश चांगला आला, पण रेखांश सहा अंशांहून अधिक चुकला. त्या अक्षांशावर एक अंश म्हणजे सुमारे ६५ किलोमीटर. म्हणजे निदान चारशे किलोमीटरांची चूक झाली. नकाशात बेट पूर्वेकडे सरकले. निरभ्र हवेत ७८० मीटरांचे शिखर शंभर किलोमीटरांवरून दिसावे. परंतु तेथे निरभ्र हवा कोठली? आणि चारशे किलोमीटरांवरून तर स्वच्छ दिवशीही दिसणे अशक्य.

१७७२ साली कॅप्टन जेम्स कुक आपल्या दुसऱ्या सफरीवर निघाला. त्याच्यापाशी हॅरिसनच्या घड्याळाबरहुकूम केंडॉलने घडविलेले घड्याळ होते. दक्षिण खंड आहे की नाही याचा निकाल लावणे हे त्याचे काम, आणि बुव्हेचे भूशिर शोधणे हा त्या कामाचाच भाग. सफरीच्या आरंभी त्याने शोध केला. परतताना १७७५ च्या फेब्रुवारीत पुन्हा केला. परंतु खऱ्या बेटाच्या पूर्वेलाच त्याचा शोध चालला, कारण बुव्हेच्या आकड्याने त्याला तेथे नेले होते. समुद्र रिकामा! तेव्हा बुव्हेने पाहिला तो बर्फाचा डोंगरच असला पाहिजे, त्याला भूमीचा भास झाला, असा निर्णय कुकने दिला. कुकची मापने अचूक होती, त्याची सचोटी वादातीत होती. परंतु त्याचा निष्कर्ष चुकला. उलट, बुव्हेचे माप चुकले होते, खंडाविषयीची त्याची कल्पनाही चुकली होती. पण त्याने जे डोळ्यांनी पाहिले ते खरे होते. ‘येथे नाही’ यावरून ‘कोठेच नाही’ असे म्हणता येत नाही, एवढे सूक्ष्म अंतर कुकसारख्या दक्ष पुरुषाच्याही ध्यानातून निसटले. बुव्हे तेव्हा जिवंत होता. ल मोन्ये या फ्रेंच ज्योतिर्विदाने त्याची बाजू घेतली आणि चूक रेखांशाची असून कुकने भलत्या ठिकाणी शोध केला, असे प्रतिपादन केले. परंतु कुकच्या कीर्तीपुढे त्या म्हणण्याचा प्रभाव पडला नाही. १७८६ साली बुव्हे वारला तेव्हा जगाच्या लेखी त्याचे भूशिर म्हणजे एक बर्फाचा भास होता.

एकाची तीन आणि शेवटी एक

पुढे व्हेल माशांची शिकार करणारे लोक त्या समुद्रात शिरले. १८०८ साली ‘स्वॉन’ जहाजाचा कप्तान लिंडसे याला बेट दिसले आणि ते खंड नसून बेट आहे हे त्याने ओळखले; उतरणे मात्र साधले नाही. १८२२ साली मॉरेल नावाच्या अमेरिकन कप्तानाने आपण त्यावर उतरून सीलची कातडी मिळविली, असे लिहिले. त्याच्या वर्णनात बेट झाकून टाकणाऱ्या बर्फाचा उल्लेखच नाही. त्यामुळे त्याच्या म्हणण्याविषयी अभ्यासकांना संशय आहे. १८२५ च्या डिसेंबरात नॉरिस हा इंग्रज कप्तान तेथे पोहोचला. त्याने बेटाला लिव्हरपूल असे नाव देऊन इंग्लंडच्या राजाच्या नावे ते ताब्यात घेतले. आणि त्याच्या ईशान्य अंगाला दुसरे एक बेट आपल्याला दिसले, असे सांगून त्याला थॉम्पसन हे नाव दिले.

झाले! आता नकाशावर बुव्हे, लिव्हरपूल आणि थॉम्पसन अशी नावांची गर्दी झाली आणि कोणते खरे व कोणते एकच, हे कोणालाही सांगता येईना. १८४३ साली जेम्स क्लार्क रॉस याने शोधले. त्याला एकही सापडले नाही. १८९३ साली फुलर नावाचा अमेरिकन कप्तान म्हणाला की थॉम्पसन बेट मला दिसले. म्हणजे जे बेट खरोखर होते ते रॉससारख्या निष्णात माणसाला सापडत नव्हते आणि जे नव्हतेच ते लोकांना दिसत होते.

या गोंधळाचा शेवट ‘व्हाल्डिव्हिया’ या जहाजाने केला. जर्मनीच्या खोल-समुद्र संशोधन मोहिमेचे हे जहाज, प्राणिशास्त्रज्ञ कार्ल खून यांच्या नेतृत्वाखाली निघालेले. २५ नोव्हेंबर १८९८ रोजी त्यांना बेट दिसले आणि त्यांनी त्याचे स्थान नेमके ठरविले. त्यांनाही उतरता आले नाही. पण आता उतरण्याची आवश्यकता उरली नव्हती. दीडशेहून अधिक वर्षांनी बुव्हेचे म्हणणे खरे ठरले. त्यांनी थॉम्पसन बेटाचाही शोध केला. तेथे केवळ पाणी होते. तरीसुद्धा ते खोटे बेट नकाशांवरून पुरते पुसले गेले १९४३ साली. ज्वालामुखीच्या स्फोटाने ते नाहीसे झाले असावे, असा तर्कही काहींनी लढविला. परंतु तेथील समुद्र दोन हजार मीटरांहून खोल असल्याचे आढळले आहे. तेव्हा एखाद्या हिमनगालाच थॉम्पसन हे नाव मिळाले असणार. कुकने बुव्हेविषयी जो तर्क केला तो बुव्हेला लागू पडला नाही, नॉरिसला लागू पडला!

मालक, रहिवासी आणि एक रिकामी नाव

बेटाची जागा निश्चित झाल्यावर मालकीचा प्रश्न आला. नॉर्वेचे एक धनाढ्य व्हेलव्यापारी लार्स क्रिस्टेन्सेन यांनी ‘नॉर्व्हेगिया’ हे जहाज दक्षिणेकडे पाठविले. त्याचा कप्तान हॉर्नट्वेट याने १ डिसेंबर १९२७ रोजी बेटावर नॉर्वेचा झेंडा लावला. ती मंडळी सुमारे महिनाभर तेथे राहिली. त्यांनी मोजणी केली, नमुने जमविले. २३ जानेवारी १९२८ रोजी राजाज्ञेने बेट नॉर्वेला जोडण्यात आले. नॉरिसच्या झेंड्याची आठवण काढून इंग्लंडने हरकत घेतली, पण त्याच वर्षी ती मागे घेतली. पुढे १९७१ साली नॉर्वेने संपूर्ण बेट राखीव निसर्गक्षेत्र म्हणून जाहीर केले.

परंतु खरे रहिवासी निराळेच आहेत. हनुवटीखाली काळा पट्टा असलेले आणि डोक्यावर पिवळा तुरा मिरविणारे अशा दोन जातींचे पेंग्विन, मऊ केसांच्या कातडीचे सील, अजस्र हत्ती-सील आणि नाना जातींचे समुद्रपक्षी. फुलणारी एकही वनस्पती नाही. शेवाळ आणि दगडफूल एवढीच हिरवळ. या सीलांची कातडी हीच एके काळी दक्षिण समुद्रातील संपत्ती होती आणि तिच्यासाठी त्या साऱ्या टापूतील सीलांची निर्दय कत्तल झाली. नॉर्वेने १९२९ साली येथे सीलची शिकार बंद केली. आज तेथे सील पुन्हा हजारांनी पिल्ले घालतात. मनुष्याने हात आखडता घेतला म्हणजे निसर्ग पुन्हा उभा राहतो, याचे हे उदाहरण आहे. मात्र त्याने वेळीच हात आखडला पाहिजे.

या बेटाने आणखी एक चमत्कार करून दाखविला. १९५५ साली दक्षिण आफ्रिकेचे एक जहाज हवामान-केंद्रासाठी जागा पाहावयास आले. सपाट जागा मिळाली नाही. १९५८ च्या आरंभी अमेरिकेचे एक बर्फफोडे जहाज आले, तो पश्चिम किनाऱ्यावर सुमारे दोन किलोमीटर लांबीची नवी सखल भूमी तयार झालेली! मधल्या काळात कडा कोसळून दगडांची रास समुद्रात पसरली होती. नॉर्वेच्या लोकांनी तिला ‘न्युरोय्सा’, म्हणजे ‘नवी दगडरास’ असे नाव दिले. पाहता पाहता पेंग्विन आणि सील तेथे राहावयास आले आणि ती बेटावरील सर्वांत गजबजलेली वस्ती झाली.

याच नव्या भूमीवर २ एप्रिल १९६४ रोजी काही माणसे हेलिकॉप्टरने उतरली, तेव्हा तेथील एका लहानशा तळ्यात त्यांना एक रिकामी नाव दिसली. नावेवर खूण नाही. जवळपास वल्ही पडलेली. माणसाचा पत्ता नाही. वेळ पाऊण तासाचा; शोध फारसा करता आला नाही. मग काय विचारता! बुडालेले जहाज, उपाशी मेलेले खलाशी, अशा कथा कित्येक वर्षे रचल्या गेल्या. पुढे रशियन कागदपत्रांतून असे बाहेर आले की त्यांच्या व्हेलशिकारी ताफ्यातील काही माणसे नोव्हेंबर १९५८ मध्ये तेथे उतरली होती, हवा बिघडल्यामुळे अडकली आणि त्यांना हेलिकॉप्टरने उचलून नेण्यात आले. नाव मागे राहिली. हा खुलासा पटण्याजोगा आहे. तो साधा आहे म्हणून अनेकांना रुचत नाही. आणि येथेही बुव्हेचाच धडा आहे, की रिकाम्या जागी मनुष्य आपल्या कल्पना भरून टाकतो.

घर बांधून राहण्याचा प्रयत्न बेटाने मानला नाही. १९९६ साली नॉर्वेने न्युरोय्सावर संशोधकांसाठी एक लहानशी खोली उभारली. २००६ साली भूकंपाने तिचा पाया खिळखिळा झाला आणि हिवाळ्याच्या वादळाने ती समुद्रात नेली. २०१४ साली नवे, अधिक मजबूत केंद्र बांधले गेले. तेथे संशोधक येतात, काही महिने राहतात, जातात. कायमची वस्ती आजही नाही.

आपल्याशी संबंध काय?

बुव्हेला सर्वांत जवळची भूमी अंटार्क्टिकाचा किनारा, असे आरंभी म्हटले. त्या किनाऱ्याचे नाव राजकन्या ॲस्ट्रिड. ६ डिसेंबर १९८१ रोजी डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली भारतीय तुकडी गोव्याच्या किनाऱ्यावरून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकाच्या बर्फावर उतरली. ती गेली ते ‘पोलर सर्कल’ हे जहाज नॉर्वेचे, भाड्याने घेतलेले. पुढे ‘दक्षिण गंगोत्री’ आणि १९८९ पासून ‘मैत्री’ ही आपली केंद्रे त्याच ॲस्ट्रिड किनाऱ्याच्या प्रदेशात उभी राहिली. या कामाचे सूत्रचालन आज गोव्यात वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून होते. म्हणजे बुव्हेच्या दारातून दक्षिणेकडे पाहिले तर समोरच्या किनाऱ्यामागे आपल्याच घरचा दिवा लागलेला आहे. जो दर्यावर्दी हिंदुस्थानच्या वाटेवर थांबा शोधावयास निघाला, त्याच्या बेटाचे सख्खे शेजारी अडीचशे वर्षांनी आपण झालो, हे कालचक्र मोठे विलक्षण खरे.

परंतु आम्ही हा विषय निवडला तो केवळ या शेजारासाठी नव्हे. या निर्जन बेटाच्या इतिहासात एक प्रश्न वारंवार उभा राहिला. दुसऱ्याने पाहिले म्हणून सांगितले, आणि आपल्याला ते सापडले नाही. तर काय म्हणावे? तो खोटे बोलला, असे म्हणावे? त्याला भास झाला, असे म्हणावे? की आपण भलत्या ठिकाणी शोधत आहो, असे म्हणून आधी आपले गणित तपासावे? आपल्या गावात, घरात, सार्वजनिक वादांत हा प्रश्न रोज उभा राहतो. आपला निकाल बहुधा सांगणाऱ्याच्या नावावरून लागतो. नाव मोठे असेल तर त्याचे नसलेले बेटही आपण नकाशावर शंभर वर्षे ठेवतो; नाव लहान असेल तर असलेले बेटही पुसतो. बुव्हेला न्याय मिळाला तो त्याच्या किंवा कोणाच्या वाक्चातुर्याने नव्हे. कोणी एक जहाज पुन्हा तेथवर गेले, थंडीवाऱ्यात शोधत राहिले, त्याने नीट मोजले आणि जे आढळले तेवढेच लिहिले, म्हणून तो मिळाला.

सत्य असे आपल्या जागी स्वस्थ बसलेले असते. धुके त्याचे नसते, आपल्या वाटेवरचे असते. एका शतकात शोध लागला नाही म्हणून ते नाहीसे होत नाही, आणि दहा जणांनी पाहिल्याचे सांगितले म्हणून नसलेले उत्पन्न होत नाही. पुन्हा जाऊन पाहण्याची आणि आपली चूक निघाली तर ती आपल्याच नकाशावर दुरुस्त करण्याची तयारी एवढेच मनुष्याच्या हाती आहे. दक्षिण समुद्रातील त्या काळ्या-पांढऱ्या बेटाने जगाला हे शिकविण्यास दीडशे वर्षे घेतली.